खुंटाच्या गळ्यातलं कडं

मी इथून बोलतोय, खालून. त्या तोफेकडे बघू नका, तिला बोलता येत नाही, तिला नुसतं दरवर्षी रंगवतात. तिच्या उजव्या हाताला बघा. घाटाची शेवटची पायरी पाण्यात उतरते तिथे कमरेइतक्या उंचीचा एक काळा दगडी खुंट दिसतोय ना? डोकं गुळगुळीत, मानेवर दोराचे खोल वळ, एका खांद्याचा टवका उडालेला. तो मी.

खरं सांगायचं तर मला बघायला कुणी येत नाही. लोक येतात रणभूमी बघायला. दारावरच्या कमानीवर तसंच लिहिलंय, 'ऐतिहासिक रणभूमी उद्यान'. आत छान कापलेलं गवत आहे, बसायला बाकडी आहेत, आणि गवतात पांढऱ्या दगडांच्या सरळ ओळी आहेत. त्या ओळी म्हणजे इथल्या घरांच्या भिंती होत्या, असं पाटी सांगते. मुलं त्या ओळींवरून दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत चालतात. आपण शिंप्याच्या स्वयंपाकघरातून लोहाराच्या झोपायच्या खोलीत चाललोय, हे त्यांना ठाऊक नसतं. मला ठाऊक असतं, म्हणून मीच आपला संकोचतो.

माणसांना एखाद्यात अक्कल दिसली नाही, माया दिसली नाही, की ती त्याला 'दगड' म्हणतात. मी ऐकून घेतो. दगडाला पाझर फुटत नाही हेही ऐकून घेतो. पण एक गोष्ट माझ्या मनात इतकी वर्षं आहे, आणि ती सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म नदीच्या वरच्या अंगाच्या खाणीतला. मी व्हायचो होतो एका श्रीमंत धान्यव्यापाऱ्याच्या दारातला खांब. पाथरवटानं मला मोठ्या हौसेनं तासलं होतं, वेलबुट्टीसुद्धा काढायला घेतली होती. पण या गावाशी येता येता गाडी कलंडली आणि माझे दोन तुकडे झाले. व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. पाथरवट डोकं खाजवत माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "खांब व्हायला निघाला होता, खुंट झाला. असू दे. दोन्हीकडं काम उभं राहायचंच." मग त्यानं मला घाटावर पुरलं आणि जाताना दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. खुंटा हलवून बळकट करणं म्हणतात ते माझ्या बाबतीत अक्षरशः झालं आहे.

तेव्हा इथे गाव होतं. मोठं नाही, पण भरलेलं. घाटापासून वर चढणारा एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांच्या मागे घरं. वर टोकाला पाव भाजणाऱ्या भट्टीवाल्याची चिमणी. नदीला ओढ फार होती, वल्ह्यांचं काही चालत नसे. म्हणून माझ्या मानेपासून पलीकडच्या काठावरच्या एका जुन्या झाडाच्या बुंध्यापर्यंत मनगटाएवढा जाड दोर ताणलेला असे. तो दोर हातांनी ओढत ओढत नावाडी आपली रुंद, चपटी नाव या काठाची त्या काठाला न्यायचा. माणसं, शेळ्या, पोती, कधी खाटेवरचा आजारी. सगळ्यांचं वजन दोरातून माझ्या मानेत उतरायचं. मला चेहरे उशिरा ओळखू येत. वजन आधी ओळखू येई.

या गावाची एक रीत होती, आणि ती दुसऱ्या कुठल्याही घाटावर नव्हती. सकाळी गावातलं पहिलं माणूस पलीकडे जायला निघालं, की ते दोराचं एक कडं माझ्या गळ्यात घालायचं. दिवसभर ते तिथेच. संध्याकाळी गावचं शेवटचं माणूस अलीकडे उतरलं, की ते कडं काढायचं. मग नावाडी माझ्या डोक्यावर तळहाताच्या दोन थापा मारायचा आणि गावाकडे तोंड करून मोठ्यानं हाळी द्यायचा, "आली सगळी!"

ती हाळी ऐकल्याशिवाय गावात कुणी दाराला कडी लावत नसे. हाळी झाली की वरपर्यंत एकामागून एक कड्या लागत जायच्या, खट्, खट्, खट्. मला तो आवाज फार आवडायचा. कुणी विसराळू असला, समोर बसून भलतीकडेच लक्ष असलं, तर गावातल्या बायका म्हणायच्या, "ह्याचं कडं अजून खुंटावरच आहे."

आता पिळूचं सांगतो. पिळू म्हणजे नावाड्याची लेक. खरं नाव काहीतरी वेगळं, लांबलचक होतं, पण ते तिच्या आईलासुद्धा आठवून सांगावं लागे. ती दोर वळायची. बसल्या बसल्या, चालता चालता, भांडता भांडता तिचे हात पीळ घालत असायचे, म्हणून पिळू. शिवाय स्वभाव. आई म्हणायची, "सुंभ जळेल, पण हिचा पीळ काही जळायचा नाही." आणि बाप म्हणायचा, "नको जळू दे. त्या पिळावर माझी नाव चालते."

खोटं नव्हतं ते. घाटावरचा दोर तिनंच वळलेला होता. तिच्या कमरेला बोटभर जाडीचं एक पितळी दाभण लोंबकळत असे. दोराचे पेड उकलायचे, त्यात दुसरे पेड गुंफायचे, यासाठी ते लागायचं. काम करताना ती माझ्याशेजारी मांडी ठोकून बसायची आणि हात मोकळे हवे असले की दाभण माझ्या डोक्यावरच्या चिरेत खोचून ठेवायची. गाडी कलंडली तेव्हाची ती चीर. माझ्या वाट्याला आलेलं व्यंग, पण पिळूला ते सोयीचं.

एकदा तिनं दाभण जरा जोरात फिरवलं आणि त्याचं टोक कडकन मोडून माझ्या चिरेत राहिलं. तिनं काडीनं काढायचा प्रयत्न केला, फुंकून पाहिलं, मला दोन शिव्या दिल्या. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस हं. मागच्याच वर्षी नवं करून घेतलंय." आणि मोडकं दाभण दगडावर घासून पुन्हा कमरेला लावलं. मी कुणाला सांगणार होतो? ते टोक अजून माझ्यात आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फौज आली.

लढाई का होती, कुणाची कुणाशी होती, ते तुम्ही पाटीवर वाचा. मला तेव्हाही समजलं नाही. मला एवढंच दिसलं की गणवेश घातलेली थकलेली माणसं रस्त्याभर पसरली, शिंप्याच्या दुकानात जखमी ठेवले गेले आणि भट्टीवाल्यानं दिवसरात्र भट्टी पेटती ठेवली. आमच्या काठाला आलेल्या त्या फौजेचा एक कप्तान होता. डोळे लाल, आवाज बसलेला. त्याला तोफा पलीकडे न्यायच्या होत्या.

पिळू दोराकडे बघून म्हणाली, "आज नको. पलीकडची गुंफण झिजलीय. तोफ निम्म्या नदीत जाईल, वर माझा बापही जाईल."

"किती वेळ लागेल?" कप्तानानं विचारलं.

"नवी घालायला? ऊन डोक्यावर यायच्या आत होईल."

नावाड्यानं सकाळी तिला पलीकडे सोडलं. त्या दिवशी पलीकडे जाणारं गावचं पहिलं माणूस तीच. तिनं आपल्या हातानं माझ्या गळ्यात कडं घातलं, वर चापट मारली आणि नावेत चढली. नावाडी तोफेच्या तयारीसाठी नाव घेऊन परत आला. पलीकडून तिची हाक आली, "बाबा, दोन वळसे सैल सोडा!" त्यानं सोडले. मग "आवळा!" त्यानं आवळले. दोर ताणला गेला, नव्या गुंफणीचा घट्टपणा मला मानेत जाणवला. काम झालं होतं. आता फक्त जाऊन तिला आणायचं.

तेवढ्यात पलीकडच्या टेकडीमागे धूळ उठली. शत्रू आणखी एका दिवसानं येणार होता म्हणे. तो वेळेआधीच आला.

कप्तान पायऱ्या धडधड उतरत आला. "दोर तोडा!"

नावाडी नावेत चढत होता. "माझी लेक पलीकडं आहे."

"तो दोर धरून ते तासाभरात इकडे येतील. तोडा."

"एक खेप. एकच खेप द्या साहेब. जातो आणि येतो."

"निम्म्यावर असताना गोळ्या घालतील तुला. मग दोरही त्यांचा आणि नावही त्यांची." कप्तान मोठ्यानं ओरडत नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तो जवळजवळ विनवत होता. "काका, तुझी एक लेक तिकडे आहे. अख्खं गाव इकडे आहे. वर शिंप्याच्या घरात माझी पोरं उठू शकत नाहीत अशी पडली आहेत. तू नाही तोडलास तर मी तोडतो."

नावाड्यानं नावेतली कुऱ्हाड उचलली. ती दुसऱ्या कुणाच्या हाती त्याला जाऊ द्यायची नव्हती. तो माझ्यासमोर उभा राहिला. दोर माझ्या मानेभोवती होता, तिनं वळलेला, प्रत्येक पेडात तिचा हात होता. त्यानं कुऱ्हाड वर नेली आणि खाली आणली, आणि ती दोरावर पडली नाही. माझ्या खांद्यावर पडली. टवका उडाला. कुऱ्हाड हातातून निसटून पायरीवर खणखणली आणि तो मटकन खाली बसला.

पलीकडून पिळूनं हे सगळं पाहिलं असणार. नदी रुंद होती, पण वर गेलेली कुऱ्हाड दिसणार नाही इतकी नाही.

मला मानेत काहीतरी वेगळं वाटलं. दोर थरथरला. असा तो फक्त एकाच वेळी थरथरायचा, कुणी त्याच्या पेडात दाभण घातलं की. एक पेड सुटला. मग दुसरा. आत्ताच घातलेली गुंफण ती स्वतःच्या हातानं उकलत होती. तिसरा पेड सुटला आणि दोर पाण्यावर सपकन आदळला.

"सोडला!" नावाडी ओरडला. "पोरीनं सोडला! टोक धरलं असेल तिनं! ओढा, ओढा!"

तो उठला. त्याचा धाकटा मुलगा धावत आला, आणखी दोघे-चौघे आले, कप्तानानंसुद्धा हात लावला. माझ्याभोवती वळसा घेऊन ते दोर ओढू लागले. ओढ जबर होती, दोर जड लागत होता.

"जड आहे," नावाडी म्हणत होता. "जड आहे ना? आहे ती. धरून आहे. हळू, हिसका देऊ नका, तिचे हात सुटतील."

मला वजन कळतं, हे मी आधीच सांगितलं. माणूस दोराला धरून असला की वजन कमीजास्त होतं, मध्येच झोका घेतं, दम खातं. नुसत्या पाण्याचं ओझं सलग असतं. पहिल्याच ओढीत मला कळलं होतं की दोराच्या टोकाला कुणी नाही. ती सगळी माणसं 'हळू, हळू' म्हणत रिकामा दोर ओढत होती, आणि मला बोलता येत नव्हतं.

टोक आलं. तुटलेलं नव्हतं. तिन्ही पेड नीट, वेगवेगळे, भिजून लोंबत होते. नावाड्यानं ते हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघत राहिला. मग तोफा सुरू झाल्या आणि धुरात पलीकडचा काठ दिसेनासा झाला.

गाव वाचलं. निम्मं जळालं, पण माणसं वाचली. शत्रू नदीपाशी अडला आणि काही दिवसांनी निघून गेला. नावाडी पलीकडे जाऊन कितीतरी दिवस शोधत फिरला. झाडाखाली त्याला तिची चप्पल मिळाली. बाकी तोफांनी दरड कोसळवून सगळं उलथंपालथं केलेलं होतं.

आणि मग आमच्या गावानं ती चूक केली. भल्या मनानं केलेली चूक, म्हणून तर ती दुरुस्त झाली नाही. माझ्या खांद्यावरचा घाव सगळ्यांना दिसत होता. दोर गेलेला सगळ्यांना दिसत होता. लोकांनी दोन्ही जोडलं आणि ठरवलं की नावाड्यानं गावासाठी पोटच्या पोरीचा विचार न करता एका घावात दोर तोडला. तो रस्त्यानं निघाला की माणसं उभी राहायची. वर भट्टीवाला त्याला बसायला पाट द्यायचा... काय उपयोग! तो म्हणायचा, "अरे, मी नाही तोडला. तिनं सोडला." माणसं एकमेकांकडे बघून हळहळायची. किती मोठं मन, म्हणायची, श्रेयसुद्धा घेत नाही. शेवटी शेवटी तो बोलेनासा झाला. गावानं त्याला इतका मान दिला की त्याची लेक त्या मानाखाली पुरली गेली.

कडं मात्र माझ्या गळ्यात राहिलं. ते काढायचं कसं? गावचं एक माणूस पलीकडे होतं. नावाड्यानं शेजारी लाकडाचा दुसरा खुंट ठोकला, नवी नाव त्याला बांधू लागला. माझ्या डोक्यावर त्यानं पुन्हा कधी थाप मारली नाही आणि 'आली सगळी' ही हाळी त्या दिवसानंतर या घाटावर कुणीच दिली नाही. लोक आपापल्या मनानं कड्या लावू लागले. कुणी लवकर, कुणी उशिरा. कडं कुजलं की पिळूची आई नवं वळून घालायची. ती गेल्यावर धाकटा भाऊ घालू लागला.

गाव लढाईनं संपलं, असं पाटी म्हणते. मला ते पटत नाही. लढाईनंतर छपरं पुन्हा घातली गेली, लग्नं झाली, पोरं झाली. गाव संपलं ते पुलानं. खालच्या अंगाला मोठा पूल झाला, रस्ता तिकडून गेला आणि घाटावर येणारं माणूस कमी होत होत थांबलं. आधी लोहार गेला. मग शिंपी. मग कुणी जाताना दारं काढून नेऊ लागलं, कुणी खिडक्या. उरलेल्या विटा नव्या गावच्या लोकांनी गाड्या भरभरून नेल्या. बोलायचं तर रोज थोडं थोडं उचलून गाव नेलं, आणि कुणाला काही चोरल्यासारखं वाटलं नाही. शेवटचं घर नावाड्याचं. पिळूच्या धाकट्या भावाची नात, दोन वेण्यांची, माझ्या गळ्यात नवं कडं घालून आईबापांबरोबर निघून गेली. त्यानंतर माझ्या सोबतीला नुसतं गवत होतं, छातीएवढं.

ती नात पुढे वर्षातून एकदा यायची. आधी नवऱ्याबरोबर, मग मुलीबरोबर, मग एकटी बसनं. गवतातून वाट काढत यायची, जुनं कडं काढायची, नवं घालायची, थोडा वेळ पायरीवर पाय सोडून बसायची आणि जायची. आता तिला सगळे आजीच म्हणतात.

मग उद्यान झालं. गवत कापलं, ओळी लावल्या, पाट्या लावल्या. माझ्याजवळच्या पाटीवर लिहिलंय की या खुंटावर वीर नावाड्यानं एका घावात दोर तोडला, घावाची खूण आजही दिसते. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना? माझ्याच अंगावर ती खोटी निघाली.

त्याच सुमाराला एका मोठ्या पुरानं पलीकडची दरड ढासळली आणि त्यात हाडं दिसली. उद्यानातले संशोधक मोटारबोटीनं गेले आणि काळजीनं, खरंच फार काळजीनं, ती तीन पेट्यांत घालून घेऊन आले. बोट या घाटाला लागली. पेट्या उतरवताना त्यांनी तिसरी पेटी क्षणभर माझ्या डोक्यावर टेकवली.

"तिघं जण आहेत," एक म्हणाला. "दोघांच्या अंगावर गणवेशाची बटणं मिळाली. तिसऱ्याच्या नाहीत."

"वाहून गेली असतील. हाडंही निम्मीशिम्मीच उरलीत, काही सांगता येत नाही."

"पण तिसऱ्याच्या कमरेपाशी हे होतं. काय असेल, भाल्याचं टोक?"

"खंजीर असावा. बघ, टोक मोडलंय. कुणाच्या तरी बरगडीत राहिलं असणार."

हिरवं पडलेलं, बोटभर जाडीचं पितळी दाभण होतं ते. आणि त्या तिसऱ्या पेटीचं वजन माझ्या डोक्यावर होतं. फार थोडं होतं. तरी मी तिला ओळखलं. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती माझ्या डोक्यावर येऊन टेकली होती, आणि तिचं मोडलेलं टोक माझ्याच चिरेत, तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं. मला वाटलं, आता तरी चीर उकलावी, मी सगळाच्या सगळा दुभंगावा आणि ते टोक त्यांच्या पायाशी पडावं. काही झालं नाही. दगड तो दगडच. पेटी उचलली गेली.

तिघांनाही वरच्या टेकाडावर सैनिकांच्या दफनभूमीत पुरलं. बिगुल वाजला, माणसं टोप्या काढून उभी राहिली. तिथे तीन पांढरे दगड आहेत. तिसऱ्यावर लिहिलंय, 'अनाम सैनिक'. पिळू त्याच्याखाली आहे, दोन अनोळखी पुरुषांच्या शेजारी. मला इथून तो दगड दिसतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आजी आली. या खेपेला नातवानं गाडीतून आणलं होतं. तो फाटकाशी गाडीतच बसला, आजी काठी टेकत एकटीच पायऱ्या उतरली. इथला पहारेकरी सदानकदा शिट्टी फुंकत असतो, म्हणून त्याला सगळे शिट्टीमामा म्हणतात. तो लगबगीनं आला.

"आजी, पुन्हा दोरी? मागच्या खेपेलाही सांगितलं होतं, इथं काही बांधायचं नाही. साहेब मला बोलतात."

"बांधत कुठं आहे? बदलतेय."

"मी काढून टाकतो, तुम्ही घालता. मी काढतो, तुम्ही घालता. कशासाठी हा खेळ?"

"अरे बाबा, मला हौस नाही. पिळूआत्या अजून यायचीय. ती आली की मीच काढीन, तुला त्रास नको."

शिट्टीमामानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात गाईडचं काम करणारी पोरगी आली. मोठी गुणी पोर आहे. लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून ती काचेचं झाकण असलेली एक छोटी पेटी बरोबर ठेवते, त्यात दाखवण्यासारखी एकदोन वस्तू असतात. तिनं आजीला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"आमचे आजोबा सांगायचे," आजी म्हणाली, "दोर तुटलेला नव्हताच मुळी. उकललेला होता. त्यांनी स्वतः ओढला होता तो, लहान असताना."

"पण आजी, हा घाव बघा ना. दोर इथेच गुंडाळलेला होता. मग हा घाव कसला?"

आजीनं घावावरून बोट फिरवलं. ज्याच्याजवळ उत्तर होतं तो मुका. "ते मला नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "पण आजोबा खोटं बोलणारे नव्हते."

पोरीला वाईट वाटलं असावं. विषय बदलायला म्हणून तिनं पेटी पुढे केली. "आजी, तुम्हाला एक गंमत दाखवते. पलीकडच्या काठावर सापडलेली वस्तू आहे."

आजीचा एक हात माझ्या डोक्यावर होता. बोटं चिरेवर होती. खाली टोक होतं. पेटी तिच्या मांडीवर, आत दाभण. मी काय सांगू तुम्हाला, तोफा चालू होत्या तेव्हाही माझी अशी अवस्था झाली नव्हती. पिळूच्या कमरेला पितळी दाभण असायचं, ही गोष्ट या आजीनं लहानपणी माझ्यासमोर बसून आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकली होती. फक्त तिनं एकदा नीट बघायला हवं होतं.

तिनं डोळे बारीक केले. "काय आहे गं? मला आता सगळं धुरकट दिसतं."

"सैनिकाचं हत्यार आहे, आजी. टोक मोडलंय बघा. शत्रूच्या छातीत राहिलं असावं, असं आमचे सर म्हणतात."

आजीनं पेटी झटकन बाजूला सारली. "नको गं बाई. हत्यारं नको दाखवूस मला. आमच्या घरचं माणूस गेलंय त्यानं."

पोरीनं ओशाळून झाकण लावलं. "सॉरी, आजी." आणि पेटी पिशवीत गेली.

मग आजीनं पदराखालून कडं काढलं. बाजारातली निळी नायलॉनची दोरी होती, हातांना पीळ धरवत नव्हता म्हणून नुसती गाठ मारलेली. तिनं ते माझ्या गळ्यात घातलं, नीट बसवलं. "पुढच्या वर्षी काही जमायचं नाही," ती पोरीला म्हणाली. "माझी लेक परदेशात. नातवाला हे सगळं खुळचट वाटतं, आणि त्याचं तरी काय चुकलं? माझ्यामागं बदलणारं कुणी नाही. एवढं फेकू नका म्हणजे झालं."

"नाही फेकणार, आजी. शब्द देते."

आजी काठीवर भार देऊन उठली. पलीकडच्या काठाकडे तिनं बराच वेळ पाहिलं. पाठीमागे टेकाडावर तिसरा पांढरा दगड होता, तिकडे तिची पाठ होती. मग नातवानं वरून हॉर्न वाजवला आणि ती गेली.

पोरीनं शब्द पाळला. शिट्टीमामा कात्री घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे, मामा. कुणाची तरी माया आहे." त्यालाही बरंच वाटलं. आता सगळे त्या निळ्या कड्याची काळजी घेतात, धूळ बसली की पुसतात. कुणी विचारलं तर पोरगी सांगते, एका आजींनी बांधलंय, त्यांच्या घरचं माणूस अजून यायचंय.

चांगली आहेत हो ही माणसं. पण त्यांनी ते जपावं असं मला वाटत नाही. ते निघावं असं वाटतं. तिला येऊन किती वर्षं झाली, आणि कुणी हाळी दिली नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. कधी या बाजूला आलात तर तोफेशी फोटो काढून झाल्यावर चार पायऱ्या खाली उतरा. शिट्टीमामा ओरडेल, ओरडू दे. माझ्या गळ्यातलं कडं काढा, टेकाडावर घेऊन जा आणि तिसऱ्या दगडापाशी ठेवा. पण त्याआधी माझ्या डोक्यावर दोन थापा मारा, जरा जोरात मारा, मला लागत नाही. मग त्या पांढऱ्या ओळींकडे तोंड करून, तिथे घरं आहेत असं समजून, मोठ्यानं म्हणा, "आली सगळी!"

दारं नाहीत, त्यामुळे कड्या लागल्याचा आवाज येणार नाही. त्याला माझी हरकत नाही. फक्त तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणा.